डाइव्हची वही: काय लिहावं, काय सोडावं

वाचक विचारतात

इंदूरच्या वाचकांकडून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला: स्कूबाचं लॉगबुक. समुद्र रात्रभराच्या प्रवासावर, डाइव्ह वर्षातून एकदा, फार तर दोनदा, आणि मधल्या काळात शिकलेलं निम्मं विसरलेलं. उत्तरं देताना हीच परिस्थिती धरली आहे. दर आठवड्याला पाण्यात उतरणाऱ्याला यातल्या अर्ध्या नोंदी लागणार नाहीत. त्याला त्या तोंडपाठ असतात.

प्रश्न: हॅवलॉकला ओपन वॉटर कोर्स केला. तिथे इन्स्ट्रक्टरनी लॉगबुक भरून दिलं. त्यात खोली, वेळ आणि दिसलेल्या माशांची नावं आहेत. आता मी स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर घेतला आहे, तो सगळं आपोआप टिपतो. मग हाताने लिहायचं ते काय? – एक वाचक, सुदामा नगर

उत्तर: कॉम्प्युटरला जे कळत नाही ते. खोली, वेळ, पाण्याचं तापमान, वर येण्याचा वेग हे तो तुमच्यापेक्षा चोख टिपतो. ते पुन्हा उतरवून काढण्यात अर्थ नाही. मात्र कमरेला किती शिसं (पाण्याखाली राहण्यासाठी लावायचं वजन) होतं, सूट किती जाडीचा होता, टाकी ॲल्युमिनियमची की स्टीलची, कुठला कान अडला, भाड्याच्या बीसीडीचा (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटचा) साइज काय होता, यातलं काहीही त्याला माहीत नसतं. आणि पुढच्या वर्षी बोटीवर तुम्हाला विचारलं जातं ते नेमकं हेच.

म्हणून प्रत्येक डाइव्हला कागदावर निदान एवढं असावं: अनुक्रमांक, तारीख, जागेचं नाव, पाण्यात शिरल्याची वेळ, आधीच्या डाइव्हनंतर वर किती वेळ काढला, कमाल खोली, सरासरी खोली, एकूण मिनिटं, टाकीचा सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, टाकीचा प्रकार, सूट, शिसं, दृश्यता, प्रवाह. खोली आणि मिनिटं कॉम्प्युटरमध्ये असूनही घ्यायची ती दोन कारणांनी. हवेचा हिशेब सरासरी खोलीशिवाय होत नाही, आणि कॉम्प्युटर बिघडला तर त्या दिवसाचा दुसरा पुरावा उरत नाही. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, घेतला असेल तर ॲनालायझरवर स्वतः पाहिलेला ऑक्सिजनचा टक्का आणि त्यावरून निघणारी खोलीची मर्यादा लिहा. ३२ टक्क्यांना ऑक्सिजनचा दाब १.४ बारपर्यंत धरून ती ३३ मीटर येते. टाकीवर चिकटवलेला टक्का नुसता उतरवून घेऊ नका.

कानाची नोंद बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगी नोंद तीच. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो, म्हणून अडचण जवळजवळ नेहमी पहिल्या काही मीटरांतच येते. ‘कान दुखला’ एवढ्याने काही कळत नाही. ‘डावा, ४ मीटर, १ मीटर वर आल्यावर सुटला’ असं लिहा. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की नक्षी दिसू लागते. दर खेपेला दुसऱ्या दिवशीच डावा कान अडत असेल, तर पहिल्या दिवशी तुम्ही फार उशिरा, फार जोर लावून कान मोकळा करता आणि आतून सूज येते, असा संशय घ्यायला जागा आहे. सर्दीची गोळी किंवा नाकात थेंब घेतले असतील तर औषधाचं नाव आणि वेळ लिहा. खाली असताना औषधाचा असर उतरला, तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते, आणि हा प्रकार उतरताना कान अडण्यापेक्षा वाईट; कारण वर तर यावंच लागतं.

प्रश्न: इंदूरच्या पूलमध्ये सराव करताना मला ३ किलो शिसं पुरलं. मालवणला तेवढंच लावलं तर खालीच जाईना. ६ किलो दिल्यावर उतरलो, पण शेवटी ५ मीटरवर थांबलो असताना पुन्हा वर जाऊ लागलो. वहीत कोणता आकडा लिहू? – एक वाचक, अन्नपूर्णा रोड

उत्तर: आकडा ६ च लिहा, पण एकटा नको. शिशाचा आकडा पाच गोष्टींना बांधलेला असतो: पाणी गोडं की खारं, सूटची जाडी आणि तो अर्धा की पूर्ण, टाकी कोणती, तुमचं स्वतःचं वजन, आणि डाइव्हच्या शेवटी काय झालं. या पाचांशिवाय लिहिलेला आकडा पुढच्या खेपेला दिशाभूलच करतो.

तुमच्या बाबतीत काय झालं ते पाहा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं. तुम्ही, टाकी, बीसीडी सगळं मिळून १०० किलो भरत असेल, तर समुद्रात केवळ मिठापायी अडीच किलो शिसं जास्त लागतं. पूलमध्ये सूट नसेल किंवा अर्धा असेल आणि मालवणला ३ मिलीमीटरचा पूर्ण सूट घातला असेल, तर त्याची भर वेगळी. नवा सूट जुन्यापेक्षा जास्त तरंगतो, कारण वापराने सूटच्या रबरातले, म्हणजे निओप्रीनमधले, बुडबुडे दबत जातात.

शेवटी वर का गेलात, ते टाकीमुळे. नेहमीच्या ‘ॲल्युमिनियम ८०’ टाकीत भरलेल्या हवेचं वजन अडीच किलोच्या वर असतं. भरलेली टाकी पाण्यात किंचित जड असते आणि रिकामी होत आली की तरंगू लागते. त्यात ५ मीटरवर सूट पुन्हा फुगलेला असतो. १५ मीटरवर सगळं छान जमत होतं म्हणजे शिसं बरोबर होतं, असं होत नाही. परीक्षा शेवटच्या पाच मिनिटांचीच.

ती परीक्षा अशी: डाइव्ह संपवून पृष्ठभागावर या, टाकीत ५० बारच्या आसपास असू द्या, रेग्युलेटर तोंडातच ठेवा. इन्स्ट्रक्टरला किंवा सोबत्याला शेजारी थांबवा. बीसीडी पूर्ण रिकामं करा, पाय मारू नका, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही सावकाश खाली गेलं पाहिजे. डोकं हनुवटीपर्यंत बाहेर राहिलं तर एक किलो वाढवा. श्वास धरूनही बुडालात तर एक किलो काढा. वहीत मग ओळ अशी पडते: ‘खारं, ३ मिमी पूर्ण, ॲल्यु. ८०, माझं वजन ७४, शिसं ६, शेवटी हलका, पुढे ७ लावून बघणे.’

भीतीपोटी दोन-तीन किलो जास्तीचं लावण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. प्रत्येक जादा किलोमागे बीसीडीत एक लिटर जादा हवा भरावी लागते, वर येताना ती फुगते आणि सांभाळायला अवघड जाते. शिवाय पाय खाली झुकतात, पाणी जास्त कापावं लागतं आणि हवा लवकर संपते.

स्वतःचं वजन का लिहायचं, असं काहींना वाटेल. वर्षभर सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफा चालू ठेवून पाच किलो चरबी चढली, तर साधारण पाऊण किलो शिसं जास्त लागतं. फार नाही, पण ५ मीटरवर ते जाणवतं. आणखी एक: काही ठिकाणी शिशाचे ठोकळे पौंडांत असतात. ‘६’च्या पुढे किलो की पौंड ते लिहा, १ पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी.

प्रश्न: हवा किती वापरली याचा हिशेब कसा काढायचा? मित्राचा आकडा १४ येतो, माझा २०. आम्ही दोघं बरोबरच वर आलो आणि दोघांच्या टाकीत उरलेली हवाही सारखीच होती. – एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर: मग दोघांपैकी कुणीतरी, बहुधा दोघांनीही, गणित चुकवलं आहे. रीत अशी. वापरलेले बार गुणिले टाकीचं आतलं आकारमान, म्हणजे वापरलेली हवा लिटरमध्ये. तिला मिनिटांनी भागा, आणि सरासरी खोलीवरच्या एकूण दाबाने भागा. हा दाब म्हणजे खोलीला १० ने भागून त्यात १ मिळवायचा.

समजा, टाकी २०० बारवरून ६० वर आली, वेळ ४० मिनिटं, सरासरी खोली ११ मीटर. १४० बार वापरले. ॲल्युमिनियम ८० चं आकारमान ११.१ लिटर, म्हणजे १,५५४ लिटर हवा. दाब २.१ बार. ४० गुणिले २.१ म्हणजे ८४. १,५५४ भागिले ८४, उत्तर मिनिटाला १८.५ लिटर.

आता चुका. बोटीवर या टाकीला सर्रास ‘बारा लिटरची’ म्हणतात. तसं धरलं की हाच आकडा २० होतो. आणि सरासरीऐवजी कमाल खोली धरली, समजा १८ मीटर, तर आकडा १४ च्याही खाली घसरतो आणि माणूस उगाच खूश होतो. तुमचा २० आणि मित्राचा १४ हे याच दोन चुकांमधून आलेले असू शकतात.

तिसरी चूक सुरुवातीच्या दाबाची. डेकवर उन्हात तापलेल्या टाकीवर २१० बार दिसतात. ४५ अंशांची टाकी २८ अंशांच्या पाण्यात गेली की श्वास न घेताही काटा २०० च्या जरा खाली येतो. ते दहा-अकरा बार तुम्ही ओढलेले नसतात. पाण्यात शिरल्यावर दोन-तीन मिनिटांनी, तळाकडे निघण्याआधी काटा बघा आणि तो आकडा धरा. गेज पीएसआयमध्ये असेल तर १४.५ ने भागा. ३,००० पीएसआय म्हणजे २०७ बार.

या आकड्याचा खरा उपयोग पुढच्या डाइव्हचा अंदाज बांधायला होतो. १८.५ वाला माणूस १८ मीटरवर मिनिटाला १८.५ गुणिले २.८, म्हणजे सुमारे ५२ लिटर ओढतो. ११.१ लिटरच्या टाकीत हे मिनिटाला ४.७ बार झाले. म्हणजे पाच मिनिटं काटा न बघता फोटो काढत बसलात तर २३ बार गेले. प्रवाह होता का, थंडी वाजली का, घाबरायला झालं का, हे आकड्याशेजारी दोन शब्दांत लिहा. २६ आलेल्या दिवशी त्याचं कारण तिथेच सापडतं. आकडा कमी करण्यासाठी श्वास रोखून धरण्याच्या फंदात पडू नका. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं ठणकतं, आणि श्वास रोखून वर सरकलात तर फुप्फुसाला इजा होते.

प्रश्न: बॅटरी बदलल्यावर कॉम्प्युटरची तारीख शून्यावर गेली होती, लक्षात आलं नाही. त्या खेपेच्या सगळ्या डाइव्ह भलत्याच वर्षात नोंदल्या गेल्या. दुरुस्त होतील का? आणि फक्त मोबाइल ॲपवर लॉग ठेवणं भरवशाचं आहे का? – एक वाचक, टिळक नगर

उत्तर: होतील, काही पुसू नका. आधी सगळ्या डाइव्ह लॅपटॉपवर उतरवून घ्या. ‘सबसरफेस’ हा फुकट आणि मुक्त स्रोत प्रोग्राम बऱ्याच कंपन्यांचे कॉम्प्युटर वाचतो. लिनक्सवाले लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २०११ मध्ये तो सुरू केला. त्यात हव्या त्या डाइव्ह निवडून सगळ्यांची वेळ एकदम पुढे-मागे सरकवता येते. किती सरकवायची हे कळायला एका डाइव्हची खरी वेळ लागते, आणि ती मिळते कागदावर. कागद नसेल तर त्या दिवशी बोटीवर काढलेल्या फोटोंची वेळ पाहा. मालदीवला गेला असाल तर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, हेही जमेस धरा.

बॅटरी दोन डाइव्हच्या मध्ये कधीही बदलू नका. काही कॉम्प्युटरांत तारखेबरोबर शरीरातल्या नायट्रोजनचा हिशेबही पुसला जातो, आणि मग तुम्ही आज पहिल्यांदाच उतरताय असं समजून तो तुम्हाला जास्त वेळ देतो. याच कारणाने भाड्याचा कॉम्प्युटर सकाळी एकाने आणि दुपारी दुसऱ्याने वापरणं चूक. तो परत करण्याआधी प्रत्येक डाइव्हच्या स्क्रीनचा फोटो घ्या. दुकानात गेलेला लॉग परत मिळत नाही. स्वतःच्या कॉम्प्युटरचंही तेच. त्याची स्मृती भरली की सर्वांत जुनी डाइव्ह पुसून नवी लिहिली जाते.

ॲप वापरायला हरकत नाही, पण घरी परतल्याच्या आठवड्यात नोंदी यूडीडीएफ स्वरूपात बाहेर काढून ठेवा. ते साध्या मजकुराचं स्वरूप आहे. कंपनीने ॲप बंद केलं तरी दुसरीकडे उघडतं. ज्या ॲपमधून नोंदी बाहेर काढताच येत नाहीत, ते आम्ही वापरणार नाही.

प्रश्न: कोर्सआधी मालवणला पर्यटकांची डाइव्ह केली होती. ती मोजायची का? पूलमधली? आणि प्रत्येक पानावर सही-शिक्का लागतो का? – एक वाचक, स्कीम नं. ५४

उत्तर: पर्यटकांची डाइव्ह जरूर लिहा, पण क्रमांक न देता. तिथे बहुतेक वेळा गाईडच तुमची टाकी धरून, बीसीडी सांभाळून तुम्हाला फिरवतो. खालची जबाबदारी तुमची नसते. पूल वेगळ्या पानावर. पाडी (डाइव्हिंग शिकवून प्रमाणपत्र देणारी संस्था) हिच्या प्रशिक्षणात डाइव्ह धरली जाण्यासाठी ती मोकळ्या पाण्यात, बहुतांश वेळ ५ मीटर किंवा त्याहून खोल, आणि निदान २० मिनिटांची किंवा १,४०० लिटर हवा वापरलेली असावी लागते. तेच माप घरच्या वहीलाही लावा.

सही सोबत्याची पुरते. कोर्सच्या डाइव्हना मात्र इन्स्ट्रक्टरची सही आणि त्यांचा क्रमांक घ्या. पुढे डाइव्हमास्टरचा विचार असेल तर पाडीकडे कोर्स सुरू करताना ४० आणि पूर्ण करताना ६० नोंदलेल्या डाइव्ह लागतात, तेव्हा ही पानं उघडली जातात. संख्या फुगवू नका. सेंटरवाले तुमच्या आकड्यावरून आणि शेवटच्या तारखेवरून ठरवतात की तुम्हाला प्रवाहाच्या जागी न्यायचं की उथळ खाडीत एक उजळणी करून घ्यायची.

प्रश्न: रविवारी सकाळी मालवणला दोन डाइव्ह करून दुपारीच गाडीने इंदूरला निघायचा विचार आहे. विमान नाही, तर थांबायची गरज नाही ना? – एक वाचक, रामबाग

उत्तर: गरज आहे, कारण मध्ये घाट आहे, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की डाइव्हमध्ये शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. उड्डाणाबाबतचे डॅनचे (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचे) नियम ६१० मीटरपासून पुढे लागतात, म्हणजे घर त्या रेषेच्या खाली बसतं. पण आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे आणि मालवणहून निघाल्यावर तिथे तुम्ही दोनेक तासांत पोचता, शरीर नायट्रोजन सोडत असतानाच. नियमाचे आकडे असे: डीकंप्रेशनची (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना सक्तीने थांबण्याची) वेळ न आलेली एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, दिवसात एकाहून जास्त किंवा लागोपाठ अनेक दिवस केल्या असतील तर निदान १८ तास. डीकंप्रेशन करावं लागलं असेल तर १८ हून बरेच जास्त. तुमच्या दोन डाइव्ह आहेत, म्हणजे सोमवारी पहाटे निघा. गोव्याहून विमानाने येणार असाल तर हेच आकडे पाळा. मोठ्या विमानाच्या केबिनमधला दाब २,४०० मीटर उंचीइतका उतरू शकतो.

म्हणून वहीत शेवटच्या डाइव्हमधून वर आल्याची वेळ ठळक लिहा. परतल्यावर सांधा दुखला, हातापायाला मुंग्या आल्या, कातडीवर चट्टे उठले, तर ‘बोटीवर अंग मोडलं असेल’ म्हणून झोपून जाऊ नका. नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे होणाऱ्या डीकंप्रेशन आजाराची ही लक्षणं बहुतांशी पहिल्या २४ तासांत दिसतात. दवाखान्यात गेल्या-गेल्या डाइव्ह केल्याचं सांगा, ऑक्सिजनबद्दल विचारा आणि वही पुढे करा. समुद्रापासून इतक्या दूर डॉक्टरांना हा आजार रोज दिसत नाही. खोली, मिनिटं, दोन डाइव्हमधलं अंतर, घाटाची वेळ आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ एका पानावर मिळाली, तर हायपरबॅरिक (दाबाच्या कक्षात या आजारावर उपचार करणाऱ्या) तज्ज्ञांना फोनवर सांगणं सोपं जातं.

प्रश्न: माशांची नावं येत नाहीत. वहीत काय लिहावं? – एक वाचक, विजय नगर

उत्तर: नाव नको, खुणा लिहा. लांबी हाताच्या मापाने, पट्टे उभे की आडवे, शेपटी दुभंगलेली की गोल, एकटा की थव्यात, वाळूवर की खडकावर, किती मीटरवर. पाण्यात सगळं मोठं आणि जवळ दिसतं, सुमारे तिसऱ्या हिश्श्याने मोठं. दिसलं त्यातून पाव हिस्सा कापून लिहा. रंगावर भिस्त नको, दहा मीटरखाली लाल करडा दिसतो. मालवणला बोटीवरच्या तांडेलाला विचाराल तर स्थानिक नाव मिळेल, तेही शेजारी लिहून ठेवा.

कॅमेरा असेल तर डाइव्हच्या आधी कॉम्प्युटरची वेळ दाखवणाऱ्या स्क्रीनचा एक फोटो काढा. दोन घड्याळांतला फरक त्यात पकडला जातो, आणि घरी प्रत्येक फोटो किती मीटरवर काढला ते आलेखावरून सांगता येतं. प्रवाळ पांढरं पडलेलं दिसलं तर खोली आणि तिथलं तापमान अवश्य टिपा. अंदमानात २०१० मध्ये पाणी तापून मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं होतं. अशा वेळी तारीख, खोली आणि तापमान असलेली ओळ नुसत्या फोटोपेक्षा जास्त सांगते.

प्रश्न: कुठलं पेन वापरावं? माझी शाई पसरली. – एक वाचिका, राजवाडा

उत्तर: जेल पेन नको. बॉलपेन किंवा पेन्सिल. पाण्याखाली प्लास्टिकच्या पाटीवर साधी पेन्सिल चालते, फक्त ती दोरीने बांधा, नाहीतर लाकडाची पेन्सिल वर तरंगत जाते. बोटीवर पाटीवरचं वहीत उतरवून घ्या, मगच जेवायला बसा. पाटी टूथपेस्टने किंवा भांड्यांच्या पावडरने घासली की साफ निघते.